आपल्या इमारतीच्या खांबाला

स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या महिन्यात मी एकदाच मोठ्याने बोलले आणि तेव्हा सगळे हसले.

वर्ग ऑनलाइन होता, दुपारी चार ते पाच. बाई पुण्याहून शिकवायच्या. आम्ही चौदा जण होतो, सगळे मराठी. मी कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद ठेवून बसायचे. माइक बंद ठेवायला खरं कारण होतं. भिवंडीत आम्ही ज्या इमारतीत राहत होतो तिच्या तळमजल्यावर कापडाच्या मागांची, लूमची शेड होती, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात दिवसभर खडखडाट चालायचा. मी त्यातच वाढले, त्यामुळे मला तो ऐकू यायचा नाही, पण माइकला यायचा. कॅमेरा बंद ठेवायला कारण नव्हतं. मला आवडत नाही, एवढंच.

मी घरून एका कंपनीच्या परदेशी गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरं द्यायचे. बोलावं लागत नाही म्हणून ते काम मला बरं वाटायचं. तिथे स्पॅनिश येणाऱ्यांची वेगळी टीम होती आणि मला तिच्यात जायचं होतं.

त्या दिवशी धडा होता मालकीच्या शब्दांचा. माझं, तुझं, त्याचं. स्पॅनिशमध्ये ‘माझं’ला ‘मी’ म्हणतात, ‘तुझं’ला ‘तू’ आणि ‘त्याचं’ला ‘सू’. बाईंनी नेमकं मला वाचायला सांगितलं. मी माइक चालू केला. मागून लूमचा आवाज वर्गात शिरला, म्हणून मी जरा ओरडूनच वाचलं, “मी, तू, सू.”

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “सू लागली तर जा की. मला काय इचारतेस?”

माइक चालूच होता. बाईसुद्धा हसल्या. मी माइक बंद केला आणि पुढचे तीन वर्ग काही बोलले नाही. आईला मात्र गंमत वाटली. नंतर मी पाठ करायला बसले की ती दारात येऊन उभी राहायची.

“मी कासा,” मी म्हणायचे. म्हणजे ‘माझं घर’.

“तू कासा? तू तर कासव. जरा कोण आलं की तोंड आत.”

तिचं माहेर भिवंडीजवळच्या कोन गावचं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी तिचं ‘हाय’ आणि ‘न्हाय’ गेलं नव्हतं. मी तीन वर्षांची असल्यापासून इंग्रजी शाळेत. आमच्या दोघींच्या मराठीत कायम एक पायरी वरखाली असायची.

पप्पांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ते राहनाळला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होते आणि हे घर त्यांनी घेतलेलं. आई त्याला ‘माझं घर’ कधीच म्हणाली नाही. ती म्हणायची, “ह्यांचं घर.” लाइट बिल ‘ह्यांच्या’ नावावर, खुर्ची ‘ह्यांची’, बाल्कनीतला दोरीचा हूकसुद्धा ‘ह्यांनी’ ठोकलेला. वहीत ‘सू कासा’ लिहिलं की मला त्याचा एकच अर्थ दिसायचा: ह्यांचं घर.

गृहपाठ होता घरातल्या दहा वस्तू आणि त्या कोणाच्या, हे लिहिण्याचा. सात सहज झाल्या. आठवी म्हणून मी ‘आमची भिंत’ लिहायचं ठरवलं. स्पॅनिशमध्येही भिंत स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘नुएस्त्रा पारेद’. मालक बाई असो की बुवा, शब्द वस्तूप्रमाणे बदलतो, हे मराठीवाल्यांना शिकवावं लागत नाही असं बाई म्हणाल्या होत्या. लिहिता लिहिता मी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं. फ्रिजच्या मागून एक भेग वर आली होती. फ्रिजच्या उंचीपासून छतापर्यंत, तिरकी. रंगाची पोपडी असेल असं वाटलं. मी नख लावलं. नख आत गेलं.

मी भेगेचा स्पॅनिश शब्द शोधला आणि नववी वस्तू म्हणून तो लिहिला. मग खोडला, कारण ती कोणाची हे लिहिता येईना.

त्या भिंतीपलीकडे खाला, म्हणजे शेजारच्या मावशी, राहायच्या. त्या आणि आई वीस वर्षांच्या शेजारणी. वाटीभर साखरेपासून दवाखान्याच्या फेऱ्यांपर्यंत सगळं एकमेकींचं. मी त्यांना बोलावून दाखवलं.

“अगो, ही तुमची हाय,” खाला भेगेवर बोट फिरवत म्हणाल्या. “आमच्या साइडला काय नाय. परवाच चुन्याची पुताई केली ना मी.”

“तुमच्याकडच्या पुताईखाली दडली असंल,” आई म्हणाली.

“मग दिसंल तेव्हा आमची. आज तुमची.”

दोघी हसल्या. खालांनी जाऊन गव्हाच्या पिठाची खळ आणली आणि वर्तमानपत्राची बोटभर पट्टी भेगेवर आडवी चिकटवली. “फटली तर समजायचं भिंत चालते. नाय फटली तर बसली आहे.”

पट्टी चार दिवसांत फाटली. मधोमध, सरळ, कात्रीने कापल्यासारखी. पाचव्या दिवशी खालांनी त्यांच्या बाजूचं कपाट सरकवून पाहिलं. दुसरी पट्टी आणायला गेल्या तेव्हा दोन घेऊन आल्या.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. बाहेरच्या माणसाला त्या दिवशी बरं वाटतं. आम्हाला कान दुखल्यासारखं होतं. तो शुक्रवार मला आठवतो, कारण लूम थांबल्यावर मला पहिल्यांदा भिंतीचा आवाज ऐकू आला. सकाळचे दहा असतील. मी फ्रिजजवळ पाणी पीत होते. भिंतीच्या आतून बारीक वाळू खाली ओघळल्यासारखा आवाज आला. थांबला. थोड्या वेळाने पुन्हा. आईला बोलावलं तर ती म्हणाली, “उंदीर असंल.”

“आई, उंदीर वर-खाली दोन्हीकडे धावतो. हे नुसतं खाली जातंय.”

“तुला लई कळतं.”

मी कचरा टाकायच्या निमित्ताने खाली गेले. शेडचं शटर अर्धं वर होतं. आत दोन माणसं नवीन लूम बसवत होती. जुन्या लूमपेक्षा ती बरीच रुंद होती, आणि तिच्या वाटेत इमारतीचा एक खांब येत होता. त्यांनी खांबाची एक बाजू छिन्नीने तासली होती. माझ्या कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत. आतल्या सळया उघड्या दिसत होत्या, एक बाहेरच्या बाजूला वाकलेली. खाली सिमेंटचा ढीग आणि त्यावर चहाचे दोन ग्लास.

मी फोन काढून एक फोटो घेतला. माझ्या हातून असं कधी होत नाही.

त्यांचा मुकादम उठून आला. “क्या चाहिए बेटी?”

“ये खंबा...”

“ये हमारा काम नहीं है. सेठ ने बोला, हम किया.”

“पण बिल्डिंग...”

“बिल्डिंग भी हमारी नहीं है,” तो समजूत घालावी तसं म्हणाला, आणि शटर खाली ओढलं.

आई आधी माझ्यावरच चिडली. “दुसऱ्याच्या शेडमध्ये डोकवायला कोनी सांगितलं?” मग फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसली. त्या खांबाच्या बरोबर वर कोणाचं स्वयंपाकघर येतं हे तिला माझ्याआधी कळलं असावं. तिने तांदळाचा डबा फ्रिजजवळून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला.

मी सेक्रेटरीकाकांना सांगितलं. काका पहिल्या मजल्यावर राहायचे, आणि त्यांच्यापाशी प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असायचं.

“लेखी द्या.”

“कोणाला?”

“महापालिकेच्या कचेरीत. धोकादायक इमारतींचा वेगळा विभाग असतो. तूच लिही. तू शिकलेली.”

“काका, मी इंग्लिश मीडियमची.”

“मग काय झालं? मराठी आईच्या पोटातनं येतं.”

मला ते पोटातून आलं नव्हतं. लहानपणी एकदा मी आईला सांगितलं होतं, “आई, आमच्याकडे पाहुणे आलेत.” डोक्यात इंग्रजी होतं, तिथे ‘अवर’ एकच असतो. आई हातातलं काम टाकून माझ्याकडे वळली. “आमच्याकडं? अन् मी कोन? मोलकरीन? आपल्याकडं म्हन.” ऐकणारा धरून असेल तर आपलं, वगळून असेल तर आमचं, हे कोणी मला समजावून सांगितलं नाही. मी माझा नियम करून टाकला: शंका आली की ‘आपलं’ म्हणायचं. ‘आपलं’ म्हटल्याने कोणी दुखावत नाही.

अर्ज लिहायला मला दोन दिवस लागले. शाळेतल्या मराठीच्या पुस्तकातला नमुना डोळ्यासमोर होता. प्रति, महोदय, विषय. विषयात मी लिहिलं, ‘आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील धोकादायक खांबाबाबत.’ पहिलं वाक्यही तसंच: ‘आपल्या इमारतीच्या खांबाला मोठी इजा झाली असून...’ शेवटी ‘आपली विश्वासू’. अकरा घरांतून सह्या घेतल्या. दारोदार मी एकटी गेले नसते, खाला बरोबर आल्या. काकांनी अर्ज दोनदा वाचला. “अक्षर छान आहे,” म्हणाले. कोणालाही काही चुकलेलं दिसलं नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला ती इमारत आपली वाटली.

काकांनी कचेरीत अर्ज दिला आणि शिक्का मारलेली प्रत आणली. आता माणसं येतील, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

कोणी आलं नाही. पहिला आठवडा आम्ही दारावरची घंटा वाजली की उठायचो. नंतर सवय झाली. नवीन लूम सुरू झाली होती. तिचा आवाज बाकीच्यांहून वेगळा होता. खडखड नाही, धप्प. तो मला ऐकू यायचा. त्या धप्पबरोबर मांडणीवरचे पेले एकमेकांना लागायचे. आईने पेल्यांच्या मध्ये फडकं घातलं. खालांच्या पट्ट्या दर आठवड्याला फाटत होत्या, आणि त्या जुन्या काढून नव्या लावत होत्या, मलमपट्टी बदलावी तशा. बाथरूमचं दार अडकायला लागलं. एका शुक्रवारी मी भिंतीला कान लावला आणि लगेच काढला.

मी आईला म्हणाले, “काही दिवस मामाकडे जाऊ.”

“कोनला जायाचं? कशाला?”

“तुझंच घर आहे की ते.”

“माझं कसलं? लगीन झालं की ते भावाचं. अन् हे ह्यांचं. ह्यांचं घर सोडून भावाच्या दारात बसू?”

“आणि इथे काही झालं तर?”

“तू अर्ज केलायस न्हवं? येतील.”

वर्गात त्या काळात बाईंनी एक गोष्ट सांगितली. ‘सू’ म्हणजे त्याचं, तिचं, त्यांचं, आणि आदराने बोललं तर समोरच्याचंही. “हा फार धोकेबाज शब्द आहे,” बाई म्हणाल्या. “ऐकणारा स्वतःच्या सोयीचा अर्थ घेतो. शंका असेल तिथे माणसाचं नाव घालून स्पष्ट करा.” मी ते वहीत लिहून घेतलं आणि चौकट केली. चौकट करतानाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

सव्वा महिन्याने कचेरीचं उत्तर आलं. काका ते घेऊन वर आले, आणि खालाही मागोमाग आल्या. काकांनी मोठ्याने वाचलं. सदर इमारत या कार्यालयाच्या मालकीची नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

“म्हंजे काय?” आईने विचारलं.

“म्हणजे कपाटात टाकला.” काका चष्मा काढून माझ्या अर्जाची प्रत बघत होते. “आपल्या इमारतीच्या. आपल्या. अरे देवा. त्यांना वाटलं, त्यांची इमारत. साहेबाला लिहिताना आपल्या म्हणजे तुमच्या! त्यांनी अर्ज पाठवला त्यांच्या स्वतःच्या बिल्डिंगी सांभाळतात त्या टेबलावर. तिथे महिनाभर शोधत बसले असतील, ह्या गल्लीत आपली बिल्डिंग कुठली.” ते माझ्याकडे वळले. “आमच्या लिहायचं गं. आ-म-च्या. एक शब्द. इंग्लिश मीडियम!”

“तुम्ही पन वाचला व्हता ना दोनदा?” आई म्हणाली.

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खाला म्हणाल्या, “जाने दो. बच्ची आहे.” पण त्या माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होत्या, जिथे त्या आठवड्याची पट्टी फाटून लोंबत होती. आता त्या फटीत पेन्सिल जात होती.

अकरा घरांतली माणसं मी मोजली. सदतीस. सव्वा महिना ही सदतीस माणसं माझ्या एका शब्दावर झोपली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटी कचेरीत गेले. कपडे बदलताना आईने विचारलं, “काकांना नेत न्हायस?” मी नाही म्हटलं. रिक्षात मी वाक्य पाठ करत होते, पहिल्या वर्गात करायचे तसं. आमच्या इमारतीच्या. आमच्या इमारतीच्या.

टेबलावरच्या माणसाने कागद बघितला. “हे तर निकाली निघालंय, ताई.”

“माझी चूक झाली. आपल्या नाही. आमच्या.”

“काय?”

“ती आमची इमारत आहे.”

“आमची म्हणजे? मालक कोण?”

“फ्लॅट... वडिलांच्या नावावर.”

“मग वडिलांना पाठवा.”

“ते नाहीत.”

त्याने मान वर केली, मग खाली. “मग तुमच्या नावावर काय आहे?”

माझ्यामागे रांग होती. कोणीतरी घसा खाकरला. मला परत जावंसं वाटलं, आणि मी जवळजवळ वळलेही होते. मग मी फोन काढून तो फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने फोन स्वतःच्या हातात घेतला.

“हा कधीचा?”

“दीड महिन्यापूर्वीचा.”

“आणि वर माणसं राहतात?”

“सदतीस.”

तो फोन तसाच हातात घेऊन आतल्या खोलीत गेला.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून इंजिनियर आले. शुक्रवार होता. शेडचे शेठ काही आले नाहीत. मुकादमाने शटर उघडलं. इंजिनियर नव्या लूमच्या आणि खांबाच्या मधल्या फटीत आडवे शिरले आणि खांबावर तळहात टेकवून उभे राहिले. लहान मुलाचा ताप बघावा तसे. आम्ही सगळे शटरबाहेर होतो. आत एवढं शांत होतं की वरून पडणारी माती लूमच्या पत्र्यावर वाजत होती.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “वर आत्ता किती जण आहेत?”

काका सांगू लागले, “साहेब, एकूण फ्लॅट अकरा...”

“फ्लॅट नाही. माणसं. आत्ता.”

काका बोटांवर मोजू लागले.

“सगळ्यांना खाली बोलवा. सामान नको. गॅस बंद करून या, बस. जिन्यात गर्दी करू नका.” आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणूनच सगळे धावले.

पंधरा मिनिटांत गल्ली भरली. खाला त्यांच्या सासूला खुर्चीसकट खाली घेऊन आल्या. मी आईला शोधलं. ती गल्लीत नव्हती.

ती स्वयंपाकघरात ओट्याशी होती. कणीक मळत होती.

“आई, चल.”

“तू हो पुढं.”

“इंजिनियर म्हणतात आत्ता.”

“म्हनू दे. त्यांचं काय जातंय? मी हितंच बसनार. ह्यांचं घर हाय हे. ह्यांना इचारल्याबिगर मी कुठं गेले न्हाय, अन् आता पन न्हाय.”

मी तिचा हात धरला, तिने तो सोडवला. पिठाचा हात होता, माझ्या मनगटावर पांढरी बोटं उठली. तिच्या मागे भेग होती. मी रडून बघितलं, विनवून बघितलं. खालून काका माझं नाव घेऊन ओरडत होते. आणि मग मला ते दुसरं रूप आठवलं. बाईंनी त्याच आठवड्यात शिकवलं होतं. स्पॅनिशमध्ये ‘माझं’ची दोन रूपं असतात, एक वस्तूच्या आधी येतं, नुसतं सांगण्यापुरतं. दुसरं वस्तूच्या नंतर येतं, एकटं उभं राहतं, आणि ते वाद असेल तेव्हा वापरतात. ते मोठं असतं, त्यावर जोर असतो. हे घर माझं आहे, तुझं नाही.

“हे पप्पांचं होतं,” मी म्हणाले. “आता माझं आहे. माझ्या घरात तू थांबायचं नाहीस. नीघ.”

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याशी असं कधी बोलले नव्हते, आणि कोणाशीच नाही. तिने कणकेवर ताट झाकलं. हात धुतले. ते पुसले. पदर खांद्यावर नीट घेतला, परक्याच्या घरातून निघताना घेतात तसा, आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली.

इमारत सील झाली. लूमही बंद झाल्या, शटरवर कागद चिकटवला गेला. खाला सासूला घेऊन भावाकडे गेल्या, काका मुलाकडे. आम्ही कोनला मामांच्या वरच्या खोलीत आलो. मामी चांगल्या वागतात. जेवताना आईला आग्रह करतात, आणि आई पाहुण्यासारखी “बास, बास” म्हणते. माझ्याशी ती बोलते, पण भिवंडीच्या घराला आता ‘ह्यांचं’ म्हणत नाही. “तुझ्या घरात लोणच्याची बरनी ऱ्हायली,” म्हणते. “तुझ्या घराची चावी कुठं ठेवलीस?”

मी चावी माझ्या पर्समध्ये ठेवली होती. पंधरा दिवसांनी दुपारी वर्ग संपवून बघितलं तर चावी नव्हती आणि आईही नव्हती.

कोनहून भिवंडीला रिक्षाने जाईपर्यंत मला पाणी प्यावंसंही वाटलं नाही. गल्लीत इमारतीला दोरी बांधली होती, तिच्याखालून वाकून गेलं की झालं. खालून मी हाक मारणार होते, पण समोरच्या दुकानातली माणसं बघत होती, म्हणून मारली नाही. मी वर गेले. जिन्यात प्रत्येक पायरीवर पांढरी भुकटी होती आणि तिच्यावर एकाच माणसाची पावलं होती, वर जाणारी.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. तिने सगळं झाडून काढलं होतं. कोपऱ्यात मातीचा ढीग, शेजारी सूप. आता भेगेतून खालांचं स्वयंपाकघर दिसत होतं, त्यांच्या टाइल्सवरची निळी फुलं.

“किती माती पडलीय बघ,” ती म्हणाली. “रोज झाडायला पायजे.”

“आई. चल.”

“तुझं घर. तू म्हनशील तसं.”

“मी तेव्हा तसं बोलले कारण तू ऐकत नव्हतीस.”

“ठाव हाय मला.” तिने सुपात माती भरली. “पन बोललीस.”

भिंतीच्या आत काहीतरी सुटलं आणि बराच वेळ खाली जात राहिलं. आम्ही दोघींनी ते संपेपर्यंत ऐकलं. मग आई स्वतःहून उठली. सूप तिथेच ठेवलं. दाराला कुलूप लावून तिने चावी माझ्या हातात दिली, आणि जिना उतरताना माझा दंड धरला, कारण भुकटीवरून पाय सरकत होते. दोरीपलीकडे आल्यावर तिने तो सोडला.

हे घडून आता तीन महिने झाले. मला स्पॅनिशच्या टीममध्ये घेतलं. आता समोरच्याला लिहिताना ‘सू’ आला की मी थांबते आणि माणूस कोण ते स्पष्ट लिहिते. वरिष्ठ म्हणतात, तुझी पत्रं जरा लांब होतात.

इमारत अजून उभी आहे. कधी पाडणार ते कोणी सांगत नाही. भिवंडीकडून मामांकडे कोणी आलं, दूधवाला, मामांचा मित्र, कोणीही, की आई बाहेर येते आणि त्याला पाणी देता देता विचारते, “पडली का?”

ती हे ज्या आवाजात विचारते, त्यावरून तिला काय ऐकायचं आहे ते मला ओळखता येत नाही. माणूस “न्हाय अजून” म्हणतो. आई रिकामा तांब्या घेऊन आत जाते.